ग्रामीण ख्रिस्ती बालगृहातील दिवस : नव्या अधीक्षिकेचे काही प्रश्न

घोडनदी :

सप्रेम नमस्कार. येत्या जूनपासून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका खेड्यात, ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या मुलींच्या बालगृहात मी अधीक्षिका म्हणून रुजू होत आहे. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण झाल्यानंतर मी शहरातील वस्त्यांमध्ये काम केले, परंतु मुलींसोबत चोवीस तास राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. गृहात सहा ते अठरा वर्षांच्या चाळीसएक मुली आहेत. काही पूर्ण अनाथ आहेत, काहींची आई किंवा वडील हयात आहेत पण सांभाळू शकत नाहीत, आणि काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात.

संस्थेने मला दिनक्रमाचा कागद दिला आहे. पाच वाजता घंटा, मग आवराआवर, प्रार्थना, अभ्यास, न्याहारी, शाळा. संध्याकाळी खेळ, भाजी निवडणे, सायंप्रार्थना, जेवण, पुन्हा अभ्यास आणि साडेनऊला दिवे बंद. कागदावर सारे नीट बसते, परंतु चाळीस मुलींचा दिवस त्या कागदाप्रमाणे खरोखर कसा चालतो, नवी आलेली मुलगी त्यात कशी रुळते, आणि मुलींकडून घरकाम कितपत करून घ्यावे, हे मला अशा ठिकाणी राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसांकडून समजून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी वारकरी घरातली आहे. संस्थेला ते ठाऊक आहे आणि त्यांनी मला आनंदाने घेतले आहे. तरीही प्रार्थनेच्या वेळी माझे वागणे कसे असावे, आणि ज्या मुली ख्रिस्ती कुटुंबातील नाहीत त्यांच्या बाबतीत काय योग्य, हा प्रश्न मनात आहे.

नेवासेकर काकू :

ताई, सलाम. नगर जिल्ह्यातील एका मुलींच्या बोर्डिंगमध्ये मी गृहमाता म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. तुमचा कागद वाचला. त्यावर पाणी कुठेच लिहिलेले नाही, आणि खेड्यातल्या गृहाचा दिवस घंटेवर नव्हे, पाण्यावर चालतो. तुमच्याकडे बोअर असेल तर त्याची मोटार थ्री फेज लाईटवर चालत असेल, आणि ती लाईट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री येत असेल. रात्रपाळीच्या आठवड्यात टाकी कोण भरणार हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या आणि ते काम मुलींवर कधीही टाकू नका. टाकी भरलेली असली की सकाळ शांतपणे उजाडते. ती रिकामी असली तर सहा वाजता बादल्यांवरून भांडणे होतात, धाकट्या अंघोळीवाचून राहतात आणि मोठ्यांची एसटी चुकते.

अंघोळीचा क्रम वयावर लावू नका, शाळेच्या वेळेवर लावा. हायस्कूलला लांब जाणाऱ्या मुली आधी, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या नंतर. प्रत्येकीचा टॉवेल, कंगवा आणि टूथब्रश वेगळा असावा आणि त्यावर तिचे नाव असावे. कापडी पट्टीवर काळ्या दोऱ्याने नाव विणून ती पट्टी टॉवेलला शिवली की कितीही धुण्यात टिकते. शाईने लिहिलेले नाव महिन्याभरात जाते. उवा आणि खरूज हे दोन शत्रू सामाईक कंगव्यातून आणि सामाईक अंथरुणातून येतात. खरजेचे औषध एका मुलीला देऊन उपयोग होत नाही. एका खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावे लागते आणि त्याच दिवशी सगळी अंथरुणे धुऊन उन्हात घालावी लागतात.

कामाविषयी सांगते. आपली ताटवाटी घासणे, अंथरूण घडी करणे, पाळीने खोली झाडणे, शेंगा सोलणे, मेथी निवडणे एवढे घरच्या लेकीही करतात आणि ते आनंदाने होते. मात्र चाळीस जणींच्या भाकरी थापणे, मोठी पातेली उतरवणे, चुलीजवळ बसणे हे स्वयंपाकीण बाईंचे काम आहे. एखादी मोठी मुलगी भाकरी शिकायची म्हणून रविवारी दोन थापत असेल तर थापू द्यावी, पण तिच्या हातची भाकरी चांगली होते म्हणून तिला रोज बसवणे सुरू झाले की तिचा अभ्यास तिथेच संपतो. मी हे होताना पाहिले आहे.

नवी मुलगी आली की पहिले काही आठवडे तिच्याकडून दिनक्रमाची अपेक्षा ठेवू नका. उपाशी राहून आलेली मुले भाकरीचा तुकडा उशीखाली किंवा ट्रंकेत लपवतात. मुंग्या लागतात, वास येतो आणि मग कुणीतरी रागावते. रागावण्याऐवजी आम्ही पाण्याच्या माठाशेजारी झाकणाचा डबा ठेवत असू आणि त्यात शेंगदाणे व गुळाचे खडे असत. रात्री-अपरात्री कुणीही उठून घ्यावे, विचारण्याची गरज नाही. सुरुवातीला डबा रोज रिकामा व्हायचा, मग दोन दिवसांनी, आणि पुढे नव्या मुलीलाही कळायचे की सकाळी न्याहारी मिळणारच आहे. तेव्हा उशीखालची भाकरी आपोआप बंद व्हायची. अंथरूण ओले करणाऱ्या मुलींना रात्री अकराच्या सुमारास हलकेच उठवून न्यावे आणि सकाळी त्यांची चादर इतर उठण्याआधी भिजत घालावी. ही गोष्ट चारचौघींत कधीही बोलू नये.

भीमाकाठ :

घोडनदी ताई, तुम्ही ज्या भागात जात आहात त्याच्या जवळच, दौंड तालुक्यातील केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार मुली व स्त्रियांसाठी उभारलेले मुक्ती मिशन आहे. मी इतिहासाचा शिक्षक होतो आणि त्या संस्थेच्या जुन्या काळाविषयी बरेच वाचले आहे. तुमच्या दोन प्रश्नांना त्या इतिहासात थेट उत्तर सापडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रमाबाईंनी शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे उच्चवर्णीय विधवा येत असत आणि त्यांनी आपापले आचार पाळावेत अशी मोकळीक होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे काम सोडले. दार उघडे ठेवणे ही सक्ती की मोकळीक, याविषयी तेव्हाही मतभेद होते आणि आजही असू शकतात. माझे मत असे आहे की ज्या माणसाच्या हाती मुलीचे जेवण, झोप आणि शाळा आहे, त्याच्या उघड्या दाराचेही मुलीवर वजन पडते, आणि म्हणूनच तिला न येण्याची मुभा आहे हे तोंडाने स्पष्ट सांगावे लागते.

केडगावचा प्रसंग वेगळा होता. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून रमाबाईंनी तेथे शेतजमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, शहरात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणले आणि इमारती होईपर्यंत तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवले. १९०० च्या गुजरातकडील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. नेवासेकर काकूंनी उशीखालच्या भाकरीविषयी जे लिहिले आहे ते वाचून मला याच मुली आठवल्या. अन्नाची खात्री नाहीशी झालेल्या शेकडो मुलींना एकाच वेळी जेवू घालणे, त्यांचे आजार बरे करणे आणि त्यांना अक्षरे शिकवणे हे काम त्या माळावर, विहिरी खणण्यापासून सुरू करावे लागले.

तेथील दिनक्रमाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे कामाची योजना. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी खाती होती, आणि प्रत्येक खाते संस्थेची गरज भागवता भागवता मुलींना हुन्नर शिकवीत असे. अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती आणि त्यांना ब्रेल शिकवले जाई. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवून छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुष्काळातून आलेली मुलगी हिब्रू अक्षरांचे खिळे जुळवते, तेव्हा त्या कामाने संस्थेचे पैसे वाचतात हे खरे, पण त्या कामाने तिच्या हाती असे काहीतरी येते जे ती संस्थेबाहेरही घेऊन जाऊ शकते. भाजी निवडण्याच्या आणि अंगण झाडण्याच्या कामाला हीच कसोटी लावून पाहावी असे मला वाटते. आजचा काळ अर्थातच वेगळा आहे, शाळा आणि अभ्यास यांना पहिला मान आहे, आणि मुलांच्या श्रमांवर संस्था चालवणे आज कुणालाही मान्य होणार नाही.

परिचारिका, मिरज :

नमस्कार ताई. मी स्वतः अशा गृहात वाढले. आई लहानपणीच गेली, वडिलांना शेतमजुरी करून आम्हा बहिणींना सांभाळणे शक्य नव्हते, आणि गावच्या पाळकांच्या ओळखीने आम्ही दोघी बोर्डिंगला आलो. आज मी परिचारिका आहे. माझ्या बोर्डिंगबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि म्हणूनच मुलीच्या बाजूने काय दिसते ते मोकळेपणाने लिहिते.

तेथे सर्व काही पुरेसे मिळे, पण माझे असे फार थोडे असे. कपडे धुऊन एकाच ढिगात येत आणि ज्या मापाचा फ्रॉक हाती येई तो घालायचा. मला एक निळा फ्रॉक फार आवडायचा आणि तो दुसऱ्या मुलीच्या अंगावर दिसला की दिवसभर मन लागत नसे. पुढे नव्या बाई आल्या. त्यांनी प्रत्येकीला कुलूप लावता येईल अशी पत्र्याची ट्रंक दिली आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात बांधायला सांगितले. माझ्या ट्रंकेत आईच्या साडीचा एक तुकडा, वडिलांचे पत्र आणि काही बांगड्यांचे तुकडे होते. बाईंनी ट्रंक कधी उघडून पाहिली नाही. किल्ली हरवली तरी त्या मला समोर बसवूनच कुलूप तोडून घेत. काकूंनी टॉवेलवर नाव विणायला सांगितले आहे, ते वाचताना मला माझी ट्रंक आठवली.

दुसरे असे की, बहिणींना वयानुसार वेगळ्या खोल्यांत टाकू नका. माझी धाकटी बहीण धाकट्यांच्या खोलीत होती आणि रात्री ती रडली तरी मला जाता येत नसे. दोघींची गादी शेजारी असती तर ती लवकर रुळली असती.

पाहुण्यांबद्दलही सांगते. नाताळच्या आधी देणगीदार येत, आम्ही रांगेत उभ्या राहून गीत म्हणत असू आणि मग फोटो निघत. त्यांच्यापैकी अनेक जण मनाने चांगले होते आणि त्यांच्यामुळेच आमची फी भरली गेली. परंतु वही हाती घेऊन ‘धन्यवाद’ म्हणतानाचा फोटो काढताना माझ्या वयाच्या मुलींना संकोच वाटत असे. पाहुण्यांना मुलींसोबत जेवायला बसवावे, त्यांच्याशी गप्पा माराव्यात, खेळावे. भेटवस्तू कार्यालयात द्याव्यात आणि बाईंनी त्या नंतर वाटाव्यात, असे मला वाटते.

प्रार्थनेबद्दल माझा अनुभव चांगला आहे. संध्याकाळी पेटी वाजायची, रेव्हरंड टिळकांची भजने आणि उपासनेतील गीते म्हटली जायची, आणि दिवसभरात सगळ्या जणी एकत्र बसून गाण्याची ती एकच वेळ होती. कामावरून रात्री उशिरा परत येते तेव्हा आजही तीच गीते मी गुणगुणते. आमच्यात दोन-तीन मुली ख्रिस्ती घरातल्या नव्हत्या. त्या गाण्याला बसत, आणि वचन वाचनाच्या वेळी वाचनालयाच्या खोलीत गेल्या तरी चालत असे. त्यावरून त्यांना कुणी काही बोलले नाही, यामुळेच त्यांची आणि आमची मैत्री टिकली.

विधिज्ञ, सातारा :

वरील उत्तरे अनुभवाची आहेत, त्यांना मी फक्त कायद्याची चौकट जोडतो. अशा मुलांची प्रकरणे जिच्यासमोर येतात त्या बालकल्याण समितीवर मी काही काळ काम केले आहे.

सर्वप्रथम हे पाहा की तुमची संस्था बालगृह म्हणून नोंदलेली आहे की वसतिगृह म्हणून. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे, मग तिला शासनाचे अनुदान असो वा नसो. खेड्यातील अनेक जुनी मिशन बोर्डिंगे शाळेची वसतिगृहे म्हणून सुरू झाली आणि पुढे त्यांत अनाथ मुलेही राहू लागली. अशा ठिकाणी कागदपत्रांचा गोंधळ असतो आणि त्याचा त्रास शेवटी मुलीलाच होतो. एखाद्या नातेवाइकाने किंवा पाळकांनी मुलगी आणून सोडली तर तिला चोवीस तासांच्या आत समितीसमोर हजर करावे लागते. प्रेमापोटी हे टाळू नका. समितीचा आदेश असला तरच तिची वैयक्तिक संगोपन योजना तयार होते, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अनुरक्षण गृहाचा (बालगृहातून बाहेर पडलेल्या सज्ञान मुलींच्या निवासाचा) किंवा अनाथ प्रमाणपत्राचा मार्ग तिला सुकर होतो. महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे. कागद नसल्यामुळे ते हातचे गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

शारीरिक शिक्षेला कलम ८२ नुसार पूर्ण बंदी आहे. उठाबशा, जेवण बंद करणे, उन्हात उभे करणे या जुन्या सवयी कर्मचाऱ्यांत असतील तर त्या पहिल्याच बैठकीत थांबवा. मिरजेच्या ताईंनी फोटोंचा विषय काढला आहे. कलम ७४ नुसार अशा मुलींची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करता येत नाही, त्यामुळे देणगीदारांसाठीच्या पत्रिकेतही चेहरे व नावे देऊ नयेत. २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांच्या समित्या वयोगटानुसार, म्हणजे ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा, स्थापण्यास सांगितले आहे. जेवणात काय असावे, खेळाची वेळ कोणती, या गोष्टी त्या समित्यांत खरोखर ठरू द्या. सूचना पेटीची किल्ली मात्र तुमच्याकडे किंवा गृहमातेकडे ठेवू नका, कारण तक्रार कदाचित तुमच्याविषयीच असेल.

धार्मिक बाबतीत राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) चे तत्त्व लक्षात ठेवावे. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. बालगृहात तर मुलगी स्वतःच्या निवडीने आलेली नसते, म्हणून ही काळजी अधिकच घ्यावी. संस्थेने आपली प्रार्थना जरूर करावी, तो तिचा हक्क आणि तिचा आत्मा आहे. पण जी मुलगी प्रार्थनेला बसत नाही तिच्या ताटात, खेळात किंवा सहलीत तसूभर फरक पडता कामा नये.

घोडनदी :

सर्वांचे मनापासून आभार. नोंदणीची चौकशी मी आजच केली आणि संस्था बालगृह म्हणूनच नोंदलेली आहे. टॉवेलच्या पट्ट्या आणि ट्रंका यांविषयी मी विश्वस्तांना पत्र लिहीत आहे. काकू, एकच गोष्ट अजून विचारते. मे महिन्याच्या सुट्टीत आणि नाताळात ज्यांना घर आहे त्या मुली घरी जातात, आणि दहाबारा जणींना जायला कुठेच नसते. त्या दिवसांत त्यांच्यासाठी काय करावे?

नेवासेकर काकू :

ताई, फार मोलाचा प्रश्न विचारलात. ऊसतोडीच्या मुलींचे गणित उलटे असते हे आधी लक्षात घ्या. त्यांचे आईवडील दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या थळात, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीत, असतात, त्यामुळे नाताळात त्याही गृहातच राहतात आणि मेमध्ये मात्र घरी जातात. म्हणजे नाताळात घर भरलेले असते. करंज्या, शेव, चकल्या मुलींना सोबत घेऊन करा, चांदणी बांधा, पहाटेच्या उपासनेला ज्यांना यायचे त्यांना न्या. त्या आठवड्यात कारखान्यावरच्या आईवडिलांशी फोनवर बोलणे करून द्या, तेही कार्यालयात सगळ्यांसमोर नव्हे. फोन मुलीच्या हातात देऊन तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसा.

मे महिना कठीण असतो. ज्या दिवशी बाकीच्या मुली ट्रंका घेऊन एसटीला लागतात, त्या दिवशी मागे राहिलेल्या मुलींना गृहात थांबवू नका. आम्ही सकाळीच त्यांना घेऊन नदीवर किंवा चर्चच्या मंडळीतील एखाद्या विश्वासू माणसाच्या मळ्यावर जात असू. संध्याकाळी परत आल्यावर सगळ्यांची अंथरुणे एकाच खोलीत, माझ्या खोलीशेजारी घालत असू, म्हणजे रिकाम्या खाटांच्या रांगेत कुणी एकटी निजत नसे. सुट्टीत पाचची घंटा बंद ठेवा. स्वयंपाकीण बाई अर्ध्या सुट्टीवर असतील, तेव्हा आज काय खायचे ते मुलींनाच विचारा; आमच्याकडे बहुतेक वेळा उत्तर ‘आमरस आणि कुरडया’ असेच असायचे. कुरडया आणि पापडही याच दिवसांत घालतात. गव्हाचा चीक खायला धाकट्या अंगणात जमतात आणि मोठ्या मुली ते काम हौसेने करतात, कारण वर्षभर ताटात कुरडई आली की ती कुणी घातली हे त्या सगळ्यांना सांगतात. ज्या मुलीला कुणीच भेटायला येत नाही, तिच्यासाठी गावातील एखादे कुटुंब शोधता आले तर समितीला कळवून, रीतसर परवानगी घेऊन मगच पाठवा. ओळखीवर पाठवू नका.

जूनमध्ये रुजू होण्याआधी, मे महिन्यातच दोन दिवस तेथे जाऊन राहता आले तर जरूर जा. त्या दहाबारा मुली तुम्हाला आधी भेटतील, आणि शाळा सुरू होऊन बाकीच्या परत येतील तेव्हा नव्या बाईंची ओळख त्याच करून देतील.